अन्ननलिकेचा कॅन्सर: "मॅडम, गाठी किती लागल्या?"

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून रिपोर्ट देणारी. अन्ननलिकेच्या ऑपरेशनचा रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक पहिलं हेच विचारतात. या गाठी म्हणजे कॅन्सरची मूळ गाठ नव्हे, तर शरीरात सगळ्यांनाच असणाऱ्या लिम्फच्या छोट्या गाठी (लिम्फ नोड्स); त्यात कॅन्सर पोचलेला सापडला की ती गाठ पॉझिटिव्ह. परवा एका पेशंटचा मुलगा आला, म्हणाला, मॅडम, बाबांच्या 28 गाठी काढल्या आणि त्यातल्या 2 च पॉझिटिव्ह, मग बाकीच्या 26 उगाच काढल्या का? प्रश्न रास्त आहे, आणि ओपीडीच्या गर्दीत सर्जनला हे समजावत बसायला वेळ नसतो, म्हणून इथे लिहितेय.

अन्ननलिका म्हणजे जेमतेम 25 सेंमीची नळी, पण कॅन्सर पसरवण्यात फार वांड. मोठ्या आतड्यात कॅन्सर अगदी वरच्या थरात असला तर गाठीत सहसा जात नाही, तिथे लिम्फच्या (शरीरातला पातळ द्रव गाठींकडे नेणाऱ्या) वाहिन्या जवळजवळ नसतातच. अन्ननलिकेत त्या अस्तरापासूनच सुरू होतात आणि त्याखालच्या थरात, म्हणजे सबम्युकोझात तर उभं जाळंच असतं, वर मानेकडे आणि खाली पोटाकडे जाणारं. त्यामुळे कॅन्सर छातीत खाली, जवळच्या गाठी साफ आणि पॉझिटिव्ह गाठ निघते एकदम मानेत, असंही होतं. नुसता सबम्युकोझापर्यंत गेलेला कॅन्सर म्हणजे टी1बी, ऐकायला किरकोळ वाटतो ना, पण अशा साधारण 5 पैकी एकाच्या गाठीत तो आधीच पोचलेला असतो.

बरं, पेट स्कॅन (कॅन्सरच्या जागा चमकून दिसतात तो स्कॅन) केलाय की, त्यात दिसेल ना? नेहमी नाही. 4-5 मिमीच्या गाठीतला कॅन्सर पेट स्कॅनमध्ये सुटतो, आणि आपल्याकडे जुन्या टीबीची गाठ पेटवर मस्त चमकते पण आत कॅन्सरचा पत्ता नसतो. मग सर्जन काय करणार, कुठली गाठ खराब ते डोळ्यांनी कळत नाही, तो त्या भागातली सगळी चरबी गाठींसकट काढतो. पोट आणि छाती साफ केली तर टू-फील्ड, मानही केली तर थ्री-फील्ड. जपानी सर्जन थ्री-फील्डचे मोठे पुरस्कर्ते, पण शांघायमध्ये 400 पेशंटवर दोन्हींची तुलना झाली तेव्हा 5 वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं, 63 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जास्त काढलं की जास्त फायदा, असं सरळ गणित नाही. शिवाय आवाजाच्या नसेला चिकटून असलेल्या गाठी काढताना नस दुखावते, म्हणून ऑपरेशननंतर काहींचा आवाज बसतो.

आता आमचं काम. फॉर्मालिनमधली ती चरबी पातळ कापून, बोटांनी चाचपत गाठी शोधायच्या, कधी ज्वारीच्या दाण्याएवढ्या. कंटाळवाणं काम आहे, खरं सांगते, पण आकडा इथेच ठरतो. आधी केमो-रेडिएशन झालं असेल तर गाठी सुकून बारीक होतात, सापडता सापडत नाहीत. निदान 15 तरी तपासाव्यात असं म्हणतात, कारण 6 च तपासल्या आणि 0 पॉझिटिव्ह, याला "पसरला नाही" म्हणायला माझं मन धजत नाही. म्हणून त्या मुलाला म्हटलं, त्या 26 निगेटिव्ह आहेत म्हणून तर तुझ्या 2 वर विश्वास ठेवता येतो. रिपोर्टात पॉझिटिव्ह गाठींच्या आकड्यावरून एन ही पायरी लिहितात: 1-2 म्हणजे एन1, 3 ते 6 एन2, 7 किंवा जास्त एन3, आणि एन1-एन3 मध्ये पुढच्या आयुष्याचा खूप फरक पडतो.

आणि ऑपरेशनच्या आधी केमो-रेडिएशनचे हाल कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी: नेदरलँड्सची क्रॉस नावाची ट्रायल आहे, 2012 ला छापून आली. थेट ऑपरेशन केलेल्यांत 75 टक्के लोकांच्या गाठी पॉझिटिव्ह होत्या, आधी केमो-रेडिएशन घेतलेल्यांत 31 टक्के. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) प्रकारात तर जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ऑपरेशनच्या वेळी जिवंत कॅन्सरच सापडला नाही. आणि इतकं करूनही गाठीत किंवा मूळ जागी कॅन्सर उरला असेल तर ऑपरेशननंतर निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात, पण खर्च ऐकून बसायला होतं, तेव्हा ऑन्कोलॉजिस्टकडे जाताना पैशाचं आधीच मोकळेपणाने विचारा.

आणि हो, रिपोर्टबरोबर स्लाइड्स (तपासलेल्या पातळ कापांच्या काचा) आणि ब्लॉक्स (मेणात जपलेले तुकडे) कुठे ठेवलेत, कसे मिळतील, हेही विचारून घ्या. दुसरीकडे ओपिनियन घ्यायला गेलात की नुसता कागद चालत नाही, पहिलं तेच मागतात.