पाण्याची भांडी आणि बारा पुस्तकं

६ जानेवारी

आमच्या वाचनगटाचं यंदाचं ठरलं. दर महिन्याला एक संग्रहालय घ्यायचं, त्याच्याशी नातं सांगणारं एक पुस्तक आधी वाचून संपवायचं, मग तिथे जाऊन प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची आणि तिच्यापुढे निदान अर्धा तास थांबायचं. सगळी दालनं बघून होण्याची घाई करायची नाही. घरी आल्यावर रोजनिशीत लिहायचं. जाणं जमणार नसेल तर दूरच्या संग्रहालयाबद्दल नुसतं वाचलं तरी चालेल, अशी सवलत गटातल्या काकांनी मागून घेतली. त्यांचे गुडघे बघता ती योग्यच आहे.

मला हा बेत मनापासून आवडला आहे. संग्रहालयातून बाहेर पडताना डोकं भरलेलं असतं आणि हाताला काही लागलेलं नसतं, असं मला दर वेळी वाटतं. ‘पितळ, अठरावं शतक’ एवढीच ओळख सांगितलेल्या माणसाशी आपण किती वेळ बोलणार?

२८ जानेवारी

पहिलं संग्रहालय घरापासून रिक्षाच्या अंतरावर, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. सासूबाईही आल्या होत्या.

दिनकर केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि ‘अज्ञातवासी’ नावाने ते कविता लिहीत. राजा हा त्यांचा मुलगा, तो लहानपणीच गेला. त्याच्या नावाने पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, दरवाजे, वाद्यं जमवली. २० हजारांहून जास्त वस्तू झाल्या आणि १९७५ साली त्यांनी त्या सगळ्या राज्य सरकारच्या हवाली केल्या. आपल्या दुःखाचं एवढं मोठं घर बांधून त्याचं दार सगळ्यांसाठी उघडं ठेवणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

सासूबाई वजऱ्यांपुढे बसल्याच. टाच घासायची साधी वस्तू, पण तिच्यावर पक्षी, प्राणी, नक्षी. “आमच्याकडे होती ती साधी होती गं. पण आईच्या माहेरी अशी होती,” म्हणाल्या आणि मग त्यांच्या आजोळचं न्हाणीघर, चुलवण, घंगाळ असं एकेक निघत गेलं. इतक्या वर्षांत हे मी त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं.

मी पाण्याच्या भांड्यांपुढे थांबले. डोक्यात लक्ष्मीबाईंचे वडील होते. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या सासऱ्यांना इंग्रजांनी फाशी दिलं, त्याचा धक्का बसला आणि त्यांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. वाचताना हसू येतं, कारण लक्ष्मीबाई लिहितातच तशा. पण भांड्यांसमोर उभं राहिल्यावर वाटलं, हे पाणी भरलं कोणी? ते वेड बापाचं आणि कंबर मोडायची घरातल्या बायकांची. कोणी घासलं, कोणी भरलं, कोणाला हात लावायची परवानगी होती, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. या वर्षी मी हेच शोधणार.

१७ मार्च

भायखळा, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पुस्तक गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’, १८६३ सालचं.

माडगावकर १८६५ साली गेले आणि ही इमारत लोकांसाठी उघडली १८७२ साली. म्हणजे त्यांनी हे दालन पाहिलंच नाही. पण वरच्या मजल्यावरच्या मातीच्या छोट्या बाहुल्या, निरनिराळ्या जातीपंथांच्या पगड्या आणि वेश, शहराचे नकाशे बघताना मला सारखं त्यांचं पुस्तक ऐकू येत होतं. रस्ते, बाजार, देवळं, तळी, माणसं असं त्यांनी सगळं शहर पायाखाली घालून लिहिलं आहे. गोव्यातून आलेला हा माणूस मुंबईकडे इतक्या कुतूहलाने बघतो की वाचताना आपल्यालाही ती नवी वाटते. त्यांच्या डोळ्यांदेखत, १८६० च्या सुमारास, विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. त्याआधी सगळा भार विहिरी-तळ्यांवर.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती. तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तुटला आणि इथे आणून पुन्हा जोडला गेला. माझ्या मुलीने आपला अर्धा तास त्यालाच दिला आणि सांधे कुठे आहेत ते शोधत राहिली.

११ मे

तेर. ऊन मी म्हणत होतं. बार्शीमार्गे जाताना गाडीतलं पाणी दोनदा संपलं, पण मला मे महिन्यातच यायचं होतं. आता कळतंय ते बरंच झालं.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-वृत्तान्तात, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचं नाव येतं. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं. सातवाहनांच्या काळातल्या मृण्मूर्ती, मणी, मडकी, हस्तिदंती काम असं बरंच काही इथे सापडलं आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते जपलं म्हणून आज गावातच संग्रहालय आहे. पुण्या-मुंबईला न जाता वस्तू आपल्या गावात राहिल्या, याचा मला अतिशय आनंद झाला. गोरोबाकाकांचं हे गाव. मडकी घडवणाऱ्या संताच्या गावात दोन हजार वर्षांपूर्वीची मडकी बघायची.

वाचलं होतं ते हाल सातवाहनाच्या ‘गाथा सप्तशती’तलं, स. आ. जोगळेकरांच्या आवृत्तीतून. संपूर्ण नाही, तेवढा आवाका महिन्याभरात येत नाही. पण एक गाथा गेले तीन आठवडे माझ्या मागे लागली आहे. वाटसरू पाणपोईवर पाणी पितो आहे. वर बघत, ओंजळीची बोटं मुद्दाम फाकवून, म्हणजे पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं. आणि पाणी घालणारी मुलगीही मुळातच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघांनाही ते संपायला नको आहे. दोन ओळींत एवढंच.

मी एका मातीच्या भांड्यापुढे अर्ध्या तासाहून जास्त थांबले. बाहेर चाळीसच्या वरचं ऊन, माझा घसा कोरडा, आणि ती धार डोळ्यांपुढे. महाराष्ट्री प्राकृतात ज्याने कोणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्याने किंवा तिने पाणपोई नक्की पाहिली होती. त्या मुलीचं नाव नाही. पण तिचा हात मला दिसला.

२० जुलै

या महिन्यात कोणीच कुठे गेलं नाही. घाटात दरडी, गटातल्या दोघींना ताप. काकांनी सुचवलेलं ओरहान पामुक यांचं ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ वाचलं. २००८ ची कादंबरी आणि २०१२ साली इस्तंबूलच्या चुकुरजुमा भागात लेखकानेच उघडलेलं त्याच नावाचं संग्रहालय. कादंबरीची ८३ प्रकरणं, त्याबरहुकूम तिथे कपाटं. कादंबरीतच प्रवेशाचं तिकीट छापलेलं आहे.

कादंबरीतला केमाल त्याच्या प्रेयसीच्या, फ्युसुनच्या, हाताला लागलेली प्रत्येक वस्तू उचलून आणतो. तिने ओढलेल्या ४,२१३ सिगारेटींची थोटकंसुद्धा. गटात यावर बरीच वादावादी झाली. एकीला हे प्रेम वाटलं, मला ते बऱ्याच ठिकाणी गुदमरवणारं वाटलं, कारण फ्युसुनला काय हवं होतं हे केमाल फारसं विचारतच नाही. तरी एक गोष्ट मनात राहिली. त्या संग्रहालयात वस्तूला मोल येतं ते केवळ स्पर्शाने. कप साधाच, पण तिने तो धरला होता.

रात्री वहीत लिहिलं: आपल्याकडे स्पर्शाने काय काय झालं, ते कुठे बघायला मिळेल?

३१ ऑगस्ट

फुले वाडा. इतकी वर्षं पुण्यात राहून शाळेच्या सहलीनंतर मी इकडे आलेच नव्हते.

वाचलं सावित्रीबाईंचं ‘काव्यफुले’ (१८५४) आणि त्यांची जोतीरावांना लिहिलेली पत्रं. १८६८ च्या ऑगस्टमध्ये त्या माहेरी, नायगावला होत्या. तिथून लिहिलेल्या पत्रात गणेश आणि सारजा यांची हकीकत आहे. तो ब्राह्मण, ती महार, तिला दिवस गेलेले. गावकरी दोघांची धिंड काढून त्यांना मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. ही हकीकत त्या नवऱ्याला अगदी शांतपणे, घरची खुशाली सांगावी तशी कळवतात. मी ते पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच थांबावं लागलं. उरलेलं मैत्रिणीने वाचलं.

त्याच १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. इथे काचेचं कपाट नाही, पितळ-तांबं नाही. आवारात तुळशीवृंदावन, समाधी, विहीर. मी विहिरीपाशी उभी राहिले. केळकर संग्रहालयातली ती सगळी सुंदर भांडी पुन्हा आठवली. त्यातलं एखादं भांडं कोणी कधी इथे बुडवलं असेल का? तेव्हाच्या पुण्यात आपल्या दारचं पाणी असं खुलं करणं म्हणजे जातभाईंचा, शेजाऱ्यांचा रोष अंगावर घेणं. त्या दोघांनी तो घेतला. मला या शहरात याहून मोठी जागा माहीत नाही.

१९ ऑक्टोबर

औंध, सातारा जिल्हा. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी चित्रसंग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. राजा स्वतः चित्रकार. रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूर यांचं ‘आई आणि मूल’ हे शिल्पसुद्धा, तेही औंधासारख्या गावी! व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ बरोबर होती, कारण आटपाडीचा मुलूखही याच संस्थानातला. संस्थानिकाच्या डोंगरावर बसून त्याच्या रयतेबद्दल वाचलं. त्या कोरड्या मुलखातली माणसं खाली उतरेपर्यंत सोबत होती.

१६ नोव्हेंबर

सेनापती बापट रस्त्यावरचं सिम्बायोसिसचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू इथे आहेत. व्हायोलिन, कपडे, त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो पलंग.

वाचलं ते त्यांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. छोटंसं आहे, एका बैठकीत संपतं, पण मला बरेच दिवस लागले. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. साताऱ्याहून मुलं वडिलांकडे कोरेगावला निघालेली, नवे कपडे घालून, मोठ्या उत्साहात. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळते आणि एकही गाडीवाला न्यायला तयार होत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर येतो, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. बरोबर डबा भरलेला, पण पिण्याजोगं पाणी नाही. रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे, मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं. तिथेही मिळालं नाही. मुलं अन्न जवळ असून उपाशी झोपली.

शाळेतही तेच. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई नसला की पाणी नाही.

गेल्याच महिन्यात मी मसूरजवळून गेले होते. स्टॉलवर पाण्याची बाटली घेतली होती. विकणाऱ्याने माझं नावही विचारलं नव्हतं.

व्हायोलिनपुढे थांबायचं ठरवून गेले होते, थांबलेही, पण मन तेरच्या पाणपोईवर गेलं. तिथेही पिणाऱ्याचा हात भांड्याला लागत नाही, वरूनच धार येते. तीच मुद्रा, तीच ओंजळ. एकीकडे धार बारीक होते कारण दोघांना एकमेकांपासून दूर जायचं नाही. दुसरीकडे नळ बंद राहतो कारण मुलाने जवळ यायचं नाही. एका मुलखातले, एका मातीतले हे दोन प्रसंग मी एकाच वर्षात वाचले आणि आता ते माझ्या मनात वेगळे होत नाहीत. होऊ नयेत असंही वाटतं. ‘गाथा सप्तशती’वर माझं प्रेम कमी झालेलं नाही. पण आता ती गाथा कोणाला वाचून दाखवली तर पुढे लगेच शाळेच्या नळाची गोष्टही सांगेन.

संध्याकाळी सासूबाईंना दोन्ही वाचून दाखवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्या आजोळी मागच्या दाराला एक वेगळा तांब्या असायचा. मघाच आठवला. जानेवारीत तुला सांगितलं त्यात तो आलाच नाही.”

तो तांब्या केळकर संग्रहालयात असेल का? असला तरी पाटीवर फक्त ‘तांब्या’ असेल. माझं मत असं, की तिथे निदान एका भांड्याखाली त्याचा हा वापर स्वच्छ लिहावा. सुंदर वस्तू जमवणाऱ्या त्या थोर माणसाचा त्यात काहीच अवमान नाही.

२९ नोव्हेंबर

डिसेंबरसाठी महाड ठरलं, एकमताने. चवदार तळं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा कायदे मंडळातला सी. के. बोल्यांचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ मध्ये, तरी बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना तिथे ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. त्यानंतर दावा झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये. या वेळी गटात पुस्तक वाचायचं नाही, तो निकालच वाचायचा, असं मी सुचवलं. कायद्याची इंग्रजी भाषा सगळ्यांना जड जाईल, म्हणून काकांनी परिच्छेद वाटून दिले आहेत. प्रत्येकाने आपला भाग मराठीत समजावून सांगायचा. तळं खासगी की सार्वजनिक, आणि चालत आलेल्या रूढीचा पुरावा काय, या वादाचा भाग माझ्याकडे आला आहे. सासूबाईही येणार आहेत. त्यांनी स्वतःसाठी एक परिच्छेद मागून घेतला.