आईची शुगर आणि आईची भाकरी

अल्झायमरचं निदान झालं तेव्हा मधुमेह आईच्या सोबतीला होताच. मग घरातले सगळे एकदम आहारतज्ज्ञ झाले. भात बंद, भाकरी बंद, सकाळी खोबरेल तेल! पुण्याच्या आत्तेभावानं तर व्हिडिओंचा मारा केला. त्यामागचं शास्त्र अगदीच खोटं नव्हतं. वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराची साधारण २० टक्के ऊर्जा वापरतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. अल्झायमरमध्ये मेंदूचे काही भाग ग्लुकोज नीट वापरेनासे होतात, कीटोन, म्हणजे चरबीपासून शरीरात तयार होणारं इंधन, मात्र बऱ्यापैकी वापरतात. पण म्हणून सोलापूरच्या, दिवसेंदिवस वाळत चाललेल्या म्हातारीच्या पुढ्यातली भाकरी काढून घ्यायची?

न्यूरॉलॉजिस्टनी आईला आधी वजनकाट्यावर उभं केलं. म्हणाले, "शुगरपेक्षा मला हे वजन सतावतंय." या आजारात वजन अनेकदा घटतं, त्यात डोनेपेझिल या अल्झायमरवरच्या गोळीनंही काहींची भूक मरते.

तिथून डायबेटिसच्या डॉक्टरांकडे. आईला ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू होती. ती घेऊन पोटात काही गेलं नाही तर शुगर झपकन उतरते, आणि नाश्ता झाला की नाही हे आईला सांगताच यायचं नाही. चिडचिड, बरळणं आजाराचं की शुगर उतरल्याचं, हे आम्ही तरी कसं ओळखणार? त्यांनी गोळी बदलली. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, सातच्या आत हवं हा आग्रहही सोडला, आठपर्यंत चालेल म्हणाले. मला सगळ्यात मोलाचा वाटला तो हा निर्णय, आहाराचा तक्ता नव्हे.

आता घरात कर्बोदकं बंद नाहीत, दिवसभरात विभागलेली आहेत. कडक भाकरी चावत नाही म्हणून मऊ भाकरी आमटीत कुस्करून, वर तूप. खिचडीत तांदळापेक्षा मूगडाळ जास्त. दही, अंडं. थोडं थोडं, पण वरचेवर.

गोडाचं प्रकरण अवघड होतं. जन्मभर तिखट खाल्लेली आई शेंगापोळीसाठी हटून बसू लागली. गोडाची अशी ओढ या आजारात पुष्कळांना लागते. नाही म्हटलं की ताटच सरकवायची. मग चतकोर शेंगापोळी जेवणातच वाढायची आणि भाकरी तेवढी कमी करायची, असं ठरवलं. गुळाचा डबा मात्र कुलपात.

पांढऱ्या ताटलीतला दहीभात तसाच राहायचा, पांढऱ्यावर पांढरं तिला नीट दिसत नसावं. २००४ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना, ठळक रंगाच्या भांड्यांत असे रुग्ण जास्त खातात असं आढळलं होतं. बाजारातून लाल ताटली आणली. फरक पडला, निदान आमच्याकडे तरी.

वजन आता टिकून आहे. शेजारच्या काकूंना आई सांगते, "हा मला जेवायलाच देत नाही," आणि काकू वाटीभर शिरा घेऊन हजर! त्यांना सांगितलंय, आणायचंच तर उकडलेलं अंडं आणा. अंडं त्यांच्या घरात चालत नाही, म्हणून ताकावर तडजोड झाली आहे.