जवसाचं जेल, जास्वंदीचं तेल आणि पावसाळ्यातली बुरशी

मागच्या जुलैमधली गोष्ट. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचे केस छान कुरळे आहेत आणि तिला बाजारातलं जेल लावलं की डोकं चिकट चिकट होतं म्हणून मी तिला घरी जवसाचं जेल करून दिलं होतं, पाव वाटी जवस आणि दोन वाट्या पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसेपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच मलमलच्या कापडातून गाळायचं, एवढंच. वर चार थेंब लव्हेंडर ऑइल आणि एक व्हिटॅमिन ईची कॅप्सूल, कारण तेव्हा मला खरंच वाटायचं की एवढ्यावर ते टिकतं. बाटली तिच्या बाथरूममध्ये राहिली. दहाबारा दिवसांनी तिचा फोन, "काकू, जेल पाण्यासारखं झालंय गं, आणि मानेवर काहीतरी आलंय."

संध्याकाळी गेले बघायला. मानेवर केस सुरू होतात तिथे बारीक बारीक लाल पुटकुळ्या. डॉक्टरांनी केसांच्या मुळांना इन्फेक्शन झालंय म्हणून क्रीम दिलं, आठवड्याभरात बरं झालं, आणि ते जेलमुळेच झालं असं काही ते छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण मी ती बाटली हातात घेऊन उजेडात धरली ना, तर बुरशी कुठेच नव्हती! रंग तोच, काळा ठिपका नाही, कापूस नाही. फक्त आधी तार धरणारं जेल आता पाण्यासारखं ओघळत होतं आणि वास घेतला तर लव्हेंडरच्या मागे एक आंबूस, फडकं दोन दिवस ओलं राहिल्यावर येतो तसा वास. तो वास मी अजून विसरले नाहीये. मी करून दिलेली वस्तू, विश्वासाने लावली पोरीने. त्या दिवसापासून हा विषय मी नीट वाचून, करून, बघून समजून घेतला आणि म्हणून हे सगळं लिहितेय.

सगळ्यात आधी कळलं ते हे की बुरशी दिसणं ही शेवटची पायरी असते. बॅक्टेरिया डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते आधी येतात. जेल पातळ का झालं, तर जवसाचा जो बुळबुळीत चिकटपणा असतो तेच त्यांचं खाणं, ते त्यांनी खाल्लं. म्हणून "अजून बुरशी नाही ना आली, मग वापरते" हे प्लीज करू नका. पातळ झालं, वास बदलला, गढूळ झालं, बुडबुडे दिसले, झाकण उघडताना फुस्स आवाज आला, यातलं एक जरी झालं तरी टाकून द्या. आणि वरची बुरशी चमच्याने काढून खालचं वापरणं तर अजिबातच नाही, कारण वर दिसतो तो नुसता फुलोरा, धागे आत खोलवर गेलेले असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी. ज्यात पाणी आहे ते नासणार. जवसाचं जेल, ताजी कोरफड, कांद्याचा रस, मेथीचं पाणी, तांदळाचं पाणी, भिजवलेला रिठा-शिकेकाई, हे सगळं म्हणजे खरं तर खाणंच आहे, फक्त आपण ते डोक्याला लावतो. ओल्या खोबऱ्याची चटणी तुम्ही पावसाळ्यात ओट्यावर किती तास ठेवाल? मग कोरफडीचा गर आठवडाभर बाथरूममध्ये कसा काय ठेवतो आपण? पाणी उकळून घेतलं, फिल्टरचं घेतलं, डिस्टिल्ड घेतलं तरी त्याने सुरुवात चांगली होते एवढंच, पुढे बोट बुडवलं, झाकण उघडं राहिलं की जंतू आत जाणारच.

आणि व्हिटॅमिन ई! हा गैरसमज मी स्वतः कित्येक वर्षं बाळगला म्हणून जरा जोर देऊन सांगते. व्हिटॅमिन ई हवेमुळे तेल खवट होणं लांबवतं. जंतूंना ते काहीही करत नाही. खवट होणं वेगळं आणि नासणं वेगळं. लव्हेंडर, टी ट्री, रोझमेरी यांचंही तसंच, जंतू रोखण्याइतकं घालायचं म्हटलं तर टाळूची आग होईल, आणि आपण घालतो त्या चार थेंबांनी फक्त बिघडल्याचा वास झाकला जातो, जे जास्तच वाईट. लिंबू पिळल्यानेही भागत नाही, नुसत्या आंबटपणावर सगळे जंतू मरत नाहीत.

आता तेलाचं. शुद्ध तेलात पाणीच नसतं म्हणून त्यात काही वाढत नाही, पण जास्वंदीची फुलं, माका, ब्राह्मी, कढीपत्ता ताजा घातला की पाणी आलंच ना. हल्ली व्हिडिओत दाखवतात तसं बरणीत ताजी फुलं टाकून वर तेल ओतून उन्हात ठेवायचं, हे मी एकदा केलं होतं, चौथ्या दिवशी तेलाच्या वर डोकावणाऱ्या पाकळीवर राखाडी मऊ लव आली, अगदी शिळ्या भाकरीवर येते तशी. असं करायचंच असेल तर फुलं पूर्ण वाळलेली हवीत, हाताने चुरली की कुरकुरली पाहिजेत, आणि पूर्ण बुडलेली हवीत.

माझी आई चिपळूणला अजून तिच्या पद्धतीने तेल करते आणि मला वाटतं या सगळ्या विषयातलं सगळ्यात पक्कं ज्ञान तिथे आहे. ती पानं वाटून त्याचा गोळा खोबरेल तेलात घालते आणि मंद आचेवर ठेवून तिथेच उभी राहते. आधी खूप चरचर आवाज येतो, ते पाणी उडतंय. पाणी असेपर्यंत तेलाचं तापमान शंभर डिग्रीच्या आसपासच रेंगाळतं, आणि पाणी संपलं की ते भराभर वर चढतं आणि पाला करपतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं तिथून हलायचं नाही. आवाज कमी कमी होत गेला की आई चमच्याने थोडा पाला काढते, जरा निवला की दोन बोटांत वळून त्याची वात करते आणि गॅसच्या ज्योतीवर धरते. तडतडली, तर पाणी आहे अजून. गुपचूप जळली, तर तेल झालं. आयुर्वेदात तेल सिद्ध झाल्याची हीच परीक्षा सांगितली आहे, आईला ते पुस्तकातून माहीत नाही, तिच्या आईकडून माहीत आहे.

पुढे एक चूक मी बऱ्याच जणींना करताना बघितली आहे आणि आईने मला त्यावरूनच एकदा चांगलं दामटवलं होतं. तेल गरम असताना झाकण ठेवायचं नाही. कढईवर ताट ठेवलंस की वाफ ताटाला लागते आणि थेंब थेंब पुन्हा तेलातच पडते, मग एवढा वेळ उभी कशाला राहिलीस, असं ती म्हणाली. वरून स्वच्छ कोरडं सुती फडकं बांधून पूर्ण गार होऊ द्यायचं, मग गाळायचं. गाळताना चोथा पिळून काढायचा मोह होतो पण शेवटचं गढूळ तेल मी वेगळ्या वाटीत ठेवते आणि तेच आधी संपवते. बाटली दोन दिवस उभी ठेवून तळाशी बघा, पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे राहिलं असेल तर तळाला वेगळा थेंब दिसतो, हलवला की गोळीसारखा घरंगळतो. तो दिसला तर तेल पुन्हा कढवायचं. हे थंडीत तेल थिजल्यावर कळत नाही, तेव्हा आधी पातळ करून बघा.

बाटल्यांचं थोडक्यात सांगते. काचेची असेल तर पाण्यात उकळून, प्लॅस्टिकची असेल तर धुऊन आतून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून, आणि मग उपडी ठेवून पूर्ण, खरंच पूर्ण कोरडी. (९९ टक्केवालं जास्त चांगलं असं वाटतं पण नाही, जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतंच.) झाकण आणि पंपाची नळी विसरू नका. रुंद तोंडाची बरणी दिसायला छान पण प्रत्येक वेळी ओली बोटं आत जातात, पंपवाली बाटली घ्या.

प्रिझर्व्हेटिव्हबद्दल, म्हणजे जंतू वाढू नयेत म्हणून जे घालतात त्याबद्दल, "म्हणजे केमिकल घातलंस का" असं मला जाऊबाईंनीच विचारलं होतं. हो, घालते, आणि जिला जेल फ्रिजबाहेर ठेवायचंय तिने घालावंच असं माझं स्पष्ट मत आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे असंच एक प्रिझर्व्हेटिव्ह, ते सौंदर्यप्रसाधनांत जास्तीत जास्त १ टक्का चालतं, युरोपातल्या नियमातही हीच मर्यादा आहे. म्हणजे २०० ग्रॅम जेलला २ ग्रॅम, त्याच्या वर नाही. ते बॅक्टेरियावर चांगलं पण बुरशीवर जरा कमी पडतं म्हणून जोडीला पोटॅशियम सॉर्बेट घालतात, आणि सॉर्बेट आंबट बाजूलाच काम करतं, पीएच ५ च्या आसपास किंवा खाली (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). जवसाचं जेल त्याच्यापेक्षा वरच असतं, त्यामुळे चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून पीएचच्या कागदी पट्टीने मोजायचं. आणि हे पदार्थ अंदाजाने चमच्याने घालायचे नाहीत, सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा ऑनलाइन मिळतो, तो घ्या. लहान मुलांसाठी मात्र हे काहीच घालू नका, ताजं करा, ताजं वापरा. आणि घरी केलेलं विकायचं असेल तर हे एवढं पुरेसं नाही, लॅबमध्ये तपासून घ्यावं लागतं, परवाना लागतो.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, जवसाचं जेल मी पाच ते सात दिवसच ठेवते. कांद्याचा रस त्याच दिवशी. उरलेली भिजवलेली मेंदी फ्रीझरमध्ये, डब्यात घट्ट बंद करून.

कोरड्या पावडरींचं काम मात्र मे महिन्यातच करून ठेवावं लागतं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, माका, पापड-कुरडयांच्या वाळवणासोबतच गच्चीत कडक ऊन दाखवायचं, गार झाल्यावरच डब्यात भरायचं. कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत उघडी राहिलेली शिकेकाई चार दिवसांत गठ्ठा धरते. गठ्ठा झाला, कुबट वास आला की ती पावडर चाळून वापरू नका, चाळताना ते सगळं नाकात जातं. आणि डब्यात ओला चमचा नको, बाथरूममध्ये डबा नेऊच नका, लागेल तेवढी वाटीत काढून न्या.

पुतणीला आता मी जेल बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून देते, एका ट्रेमध्ये बारा-चौदा तुकडे होतात. ती रात्री दोन तुकडे वाटीत काढून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवते, सकाळपर्यंत विरघळतात, लावते, आणि वाटीत उरलेलं बेसिनमध्ये ओतून वाटी धुऊन टाकते. ट्रेवर तारखेची पट्टी तिने स्वतःच चिकटवली आहे.