महाडची माणसं महाड सोडत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दर जुलैत टीव्हीवर आमच्या बाजारपेठेत छातीएवढं पाणी दिसलं की पुण्या-मुंबईहून फोन येतात. खुशाली विचारून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : एवढे पूर येतात, तर तुम्ही गाव सोडत का नाही? निदान बाजार तरी वर हलवा!

गाव तिथं का आहे, ते आधी सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरवरून आमच्याकडे येते. रायगडच्या बाजूनं गांधारी आणि काळ नदी येते. तिन्हींचं पाणी महाडच्या आसपास एकत्र होतं. खालून बाणकोटच्या खाडीची भरती चढत येते. याच भरतीवर गलबतं बाणकोटहून वर यायची, माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचा. शहराला लागून पाल्याची लेणी आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात एवढी कोरीव कामं करायला दान मिळत होतं, ते या वाटेवरच्या व्यापारामुळेच, असं मला वाटतं. भरती जिथवर पोचते तिथं गलबत लागतं, आणि पुराचं पाणीही तिथंच तुंबतं. नदीनं गाव वसवलं ते अशा जागी. बाजार वर न्या म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं, म्हणून मी त्याच्यावर रागावत नाही.

पुराबरोबर राहायची एक विद्या आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. जुने व्यापारी दोन गोष्टी बघायचे : महाबळेश्वरला पाऊस किती झाला आणि तिथी कोणती. अष्टमीच्या आसपास असेल तर पाणी चढेल, पण ओहोटीबरोबर उतरेलही. अवस किंवा पुनव जवळ असेल तर उधाण, मग नदीला खाली जायला वाटच नाही. ‘सुकट गल्लीत पाणी आलं’ एवढं वाक्य कानावर पडलं की बाकीच्या बाजाराला किती वेळ उरलाय ते कळतं. नगरपालिकेचा भोंगा होतो आणि अर्ध्या तासात दुकानं रिकामी होऊ लागतात. धान्य पोटमाळ्यावर, कापड त्याच्याही वर, वह्या आणि देव सर्वांत वर. त्या वेळी कोण कुणाचा माल उचलतोय हे बघायचं नसतं. पाणी उतरायला लागलं की झोपायचं नाही, खराटे घेऊन उभं राहायचं. गाळ ओला असताना उतरत्या पाण्याबरोबरच बाहेर काढावा लागतो. एकदा तो सुकला की फरशीवरून खरवडून काढायला आठवडे जातात.

ही विद्या अपुरी पडते तेही आम्ही पाहिलं. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा तोंडावर होती, आणि महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला. कित्येक दुकानांत पोटमाळ्यावरचा मालही गेला. त्याआधीच्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं पत्रे आणि आंब्या-फणसाची झाडं नेली होती. २ ऑगस्ट २०१६ तर आषाढी अवस, दिव्याची अवस. त्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पडला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट पाण्यात गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका माणसानं अंधारात रस्त्यावर उभं राहून पुढच्या गाड्या अडवल्या, नाहीतर आणखी कितीजण गेले असते. नंतर किती दिवस खाडीच्या तोंडापर्यंत आणि समुद्रकिनाऱ्यावर शोध चालला होता. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या आत, जून २०१७ मध्ये सुरू झाला. मनावर घेतलं तर किती लवकर होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. हे मी मुद्दाम लक्षात ठेवलंय.

कारण तुमच्या प्रश्नात पूर असतो, दरड नसते. आणि आमच्या तालुक्यात माणसं जास्त गेली ती दरडीखाली.

जुलै २००५ आठवा. मुंबईच्या २६ जुलैबद्दल सगळं लिहिलं गेलं. त्याच दोन दिवसांत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर डोंगर आला. दीडशेहून जास्त माणसं गेली. शहरातले आम्ही पाण्यानं अडकलेलो, रस्ते बंद, फोन बंद. काही कोसांवर गावं गाडली गेलीत हे कळायलाही वेळ लागला. मग २०२१ मध्ये, ज्या दिवशी आमचा पोटमाळा बुडत होता त्याच दुपारी, तळियेची कोंडाळकर वाडी गेली. ऐंशीहून अधिक माणसं. पोलादपूरकडे केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसं गेली. बाजाराचं नुकसान टीव्हीवर आधी दिसलं, कारण बाजारात कॅमेरा पोचू शकतो.

पाणी इशारा देतं, पायरीपायरीनं चढतं. डोंगराचं तसं नाही. खाली काळा कातळ, वर मुरूम आणि मातीचा थर. तीन-चार दिवस झोडपून पाऊस झाला की पाणी भेगांतून आत शिरतं, कातळावरून वाहायला लागतं, आणि वरचा सगळा थर झाडांसकट सुटतो. काही क्षणांत. तिथं नगरपालिकेचा भोंगा नाही आणि पोटमाळ्याचा उपयोग नाही.

म्हणून ‘हलवा’ हा शब्द कुणाला लावायचाच असेल तर डोंगराखालच्या वाड्यांना लावा. मात्र ते कसं, तेही विचारा. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या याद्या आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर स्थलांतराच्या नोटिसाही येतात. नोटीस हातात घेऊन माणूस जाणार कुठं? जुलैत भाताची लावणी असते. गोठ्यात गुरं असतात. शाळेच्या एका खोलीत पाच कुटुंबं किती दिवस राहतील? पाऊस दोन दिवस थांबला की ती घरी परततात, आणि त्यांना हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांना हवी आहे ती शेतापर्यंत चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची जागा, पिण्याचं पाणी आणि स्वतःच्या नावावरचं घर. तळियेच्या लोकांसाठी घरं बांधली गेली ती गाव गेल्यावर. पूल एका वर्षाच्या आत उभा राहतो, तर यादीतल्या वाड्यांना माणसं जिवंत असताना जागा का मिळत नाही? याच्यासाठी मी सभांना जातो, अर्जांवर सह्या गोळा करतो, आणि जात राहीन.

तोवर वाड्यांतली माणसं स्वतःची विद्या तयार करताहेत. घरामागच्या उतारावर नवी भेग दिसते का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, झाड किंवा विजेचा खांब कलतो का, पूर्वी कोरड्या असलेल्या जागेतून पाणी फुटतं का, हे बघत राहायचं. यातलं एक जरी दिसलं तरी गुरं सोडायची, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी काढायचं, आणि उजेड असतानाच निघायचं.