कळलावीला उन्हाळ्यात पाणी नको

कळलावीचा कंद घरी आणला तसा सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, "हाई येल घरमा लाऊ नको, भांडणं लागतीन." मग मागच्या कुंपणावर तडजोड झाली. जागा ऊन येणारी होती, म्हणजे माझ्या पथ्यावरच पडलं.

कंद मामेभावाच्या बांधावरचा. चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात ही वेल काट्याकुट्यांत फुललेली दिसते. यावल अभयारण्यातून मात्र काही उपटून आणू नये, तो गुन्हा आहे. वेल वाळलेली असताना, अक्षय्य तृतीयेनंतर कंद काढला. नांगरासारखे दोन फाटे, आणि डोळा फक्त फाट्याच्या टोकाशी. ते टोक मोडलं की तो फाटा गेला, म्हणून कुदळ नको, खुरप्याने लांबून उकरावं.

आमची माती काळी, कपाशीची. पावसात पाणी धरून बसते आणि कंद कुजतो. त्यामुळे वीतभर उंच वाफा केला: निम्मी माती, बाकी वाळू, मुरूम, थोडं कुजलेलं शेणखत. कंद आडवा ठेवून चार बोटं मातीखाली झाकला.

मृगाच्या पावसानंतर कोंब आला आणि भराभर वाढला. या वेलीला वेगळे ताणे नसतात, पानाचं टोकच आकडा होऊन आधार धरतं. जाड बांबू त्याला धरता येत नाही. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवल्या, त्यांच्या बारीक फांद्या त्याला बरोबर सापडल्या. शेतात जाळून टाकतात ती वस्तू, इथे तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

श्रावणात फुलं आली. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, मागे वळलेल्या. आधी हिरवट, मग पिवळ्या-लाल, शेवटी पूर्ण लाल. दिवसागणिक रंग बदलत असल्याने एकाच वेलीवर तिन्ही रंग दिसतात.

आता महत्त्वाचं. कंदापासून बीपर्यंत सगळी वेल विषारी. तिच्यातलं कोल्चिसिन मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून वापरतात, पण कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. काढलेले कंद रताळ्यांच्या टोपलीजवळसुद्धा ठेवू नयेत. मी हातमोजे घालूनच काम करते, आणि वाफ्याला जाळी मारली आहे, कारण घरात लहान मूल आहे.

दिवाळीच्या सुमारास वेल पिवळी पडून वाळते. इथून खरी परीक्षा आपली. जळगावचा पारा ४५ च्या पुढे गेला की रिकाम्या वाफ्यावरही बादली ओतायला हात शिवशिवतो. ओतायची नाही. जुना कंद संपून त्याच्या जागी नवे तयार झालेले असतात, आणि त्यांना कोरडी विश्रांती लागते. वर केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर टाकला आणि जागा कळावी म्हणून चार विटा मांडल्या. पाऊस लागला की थर बाजूला करायचा.

शेजारच्या ताईंना बी हवं आहे. देईन, पण बियांपासून फुलायला तीन-चार वर्षं लागतात. त्यापेक्षा मे महिन्यात एक फाटा घेऊन जा म्हटलं.