कापसाच्या पैशावर महिन्याचा हप्ता

आमच्या खेड्यात (यवतमाळ जिल्हा, दारव्ह्याच्या बाजूला) रिचार्ज दोन तऱ्हेचा चालतो. एक २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा वेळा मारायचा, बारा नाही. दुसरा वर्षभराचा, अन तो लोक मारतात कापूस विकला की. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या मागंपुढं येतात पण ते किराणा अन कृषी केंद्राच्या उधारीतच जिरतात, म्हणून एकरकमी काही घ्यायचं तर ते कापसावरच.

हे डोक्यात आलं ॲपच्या सबस्क्रिप्शनवरून. माझं छोटंसं सेवा केंद्र आहे, सातबारा, पीकविमा, झेरॉक्स वगैरे, दिवसभर कागद स्कॅन करणं चालूच असते. स्कॅनचं जे ॲप मी एकदाच पैसे देऊन घेतलं होतं त्याने एका अपडेटनंतर महिन्याचे पैसे मागणं सुरू केलं, नाही दिले तर प्रत्येक पानावर त्यांचा छाप. लय राग आला.

तसं ॲपवाल्याचंही अगदीच खोटं नाही. अँड्रॉइड दरवर्षी बदलतं, त्याच्यामागे ॲप बदलत राहावं लागतं, अँड्रॉइड १४ तर फारच जुन्या हिशोबाने बनलेलं ॲप टाकूच देत नाही. एकदा घेतलेल्या पैशात माणूस किती वर्षं राबंल? त्यात २०१६ मध्ये ॲपलने सगळ्या प्रकारच्या ॲपसाठी सबस्क्रिप्शन मोकळं केलं, अन वर्षभर टिकलेल्या गिऱ्हाइकामागे ॲपवाल्याच्या कमाईतला आपला वाटा ३० टक्क्यांवरून १५ वर आणला. मग कोण कशाला एकदाच विकंल, सांगा. अन त्याच वर्षी जानेवारीत व्हॉट्सॲपने उलटं केलं, आपली वर्षाची फी काढूनच टाकली, कारण काय तर बऱ्याच लोकांजवळ कार्डच नाही.

आता कार्डाची गरजच नाही उरली. २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आलं, पहिल्यांदा पिन टाकला की पुढचे पैसे आपोआप, १५ हजारांपर्यंत पिनसुद्धा विचारत नाही. एक-दोन रुपयात ट्रायल म्हणून पोरं गेम नाहीतर व्हिडिओचं ॲप चालू करतात अन नंतर घरचे माझ्याकडे येतात.

"बाबू, ते ॲप तं म्या कवाचंच उडवलं, मंग पैसे काहून कटून राह्यले?"

काका, ॲप उडवल्याने सबस्क्रिप्शन बंद नाही होत. प्ले स्टोरमध्ये आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन कॅन्सल करा, तिथं नसंल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, बंद करा. पैसे कटायच्या २४ तास आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मेसेज येतोही, पण इंग्रजीत, अन बँकेचे मेसेज वाचते कोण.

माझं म्हणणं एवढंच की महिन्याचा हप्ता हा पगारदाराचा हिशोब आहे. ज्याच्या खात्यात एक तारखेला पैसे पडतात त्याला ९९ रुपये जाणवत नाहीत, ज्याचं खातं जून-जुलैत पेरणीने कोरडं पडलं त्याला जाणवतात. सालदाराचं साल कसं पाडव्याला एकदाच ठरते, मालकालाही माहीत अन त्यालाही, तसं वर्षाचं ठेवा की बाप्पा. ज्या ॲपला सर्व्हर लागतो, बॅकअप, हवामान, हिशोबाची वही, त्याचे मी दरवर्षी देईन, जानेवारीत मागा फक्त. पण स्कॅनर, कॅल्क्युलेटर, जमीन मोजायचं साधं ॲप, जे सगळं काम माझ्याच फोनवर करते, त्याचं भाडं कशाचं? अन "लाईफटाइम" लिहिलेलं पाहून लगेच भुलू नका, ते लाईफ बहुतेक वेळा कंपनीचं असते, आपलं नाही.

सध्या मी फोनमध्येच आलेल्या फुकटच्या स्कॅनरवर काम भागवतो. कडा तेवढ्या हाताने कापाव्या लागतात, पीकविम्याच्या गर्दीत तेच डोक्याला ताप, म्हणून एकदाच पैसे घेणारं एखादं चांगलं ॲप अजून शोधणं चालूच आहे, पाचशे-सातशेपर्यंत द्यायची तयारी आहे.