पाटोद्याच्या रेगडीत अडकलेला जुना फोर-व्हील पिकअप : प्रवास, दुरुस्ती आणि मागून येणाऱ्यांसाठी सूचना

आषाढात सीताफळाची रोपे आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी घेऊन मी व माझा चुलतभाऊ लातूरहून पाटोदा तालुक्यातील आमच्या मेहुण्यांच्या शेताकडे निघालो. गाडी आमचीच, जुना डिझेल पिकअप. चारही चाकांना ओढ देण्याची सोय असलेली गाडी घेण्यामागे बालाघाटातील पावसाळी पांदण रस्ते हेच कारण होते. अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा आणि तेथून पाटोदा असा आमचा मार्ग होता. मांजरसुंब्यापर्यंत आणि पुढे पाटोद्यापर्यंत डांबरी रस्ता असल्याने तेवढ्या प्रवासाबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. लातूरकरांना ज्या मांजरा नदीचे पाणी मिळते, तिचा उगम याच पाटोदा तालुक्यात आहे, हे मात्र त्या बाजूला जाताना प्रत्येक वेळी आठवते.

अडचण सुरू झाली ती डांबर सोडून शेतरस्त्याला लागल्यावर. बालाघाटात उतारावर मुरूम आणि खोलगट भागात काळी रेगडी असा प्रकार ठिकठिकाणी आढळतो. मुरुमावर पाऊस पडून गेला की काही तासांत गाडी चालते. रेगडी मात्र पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि मग चांगला टायरसुद्धा गुळगुळीत होतो. अशाच एका खोलगट वळणाआधी आम्ही गाडी थांबवून फोर-व्हीलचा दांडा टाकला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि पुढे निघालो. थोड्याच अंतरावर मागची चाके जागेवर फिरू लागली व पुढची दोन्ही स्थिर राहिली. मेहुण्यांनी ट्रॅक्टर आणून चॅसीच्या हुकाला दोर बांधून गाडी मुरुमावर काढून दिली. दोर बंपरला कधीही बांधू नये, कारण रेगडीतून गाडी ओढताना लागणारा जोर बंपरचे बोल्ट सहन करू शकत नाहीत.

मुख्य मुद्दा येथेच मांडतो. आमच्या गाडीतला तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या (गिअरबॉक्समधून आलेली ओढ पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवरच्या) स्विचमुळे लागतो. ट्रान्सफर केसमधला गिअर पडला एवढेच तो सांगतो, ओढ चाकापर्यंत पोहोचली की नाही हे त्याला कळत नाही. ट्रान्सफर केसमधून ओढ गाडीखालच्या पुढे जाणाऱ्या लांब दांड्याला, म्हणजे पुढच्या प्रोपेलर शाफ्टला, तेथून पुढच्या डिफरन्शिअलला (डाव्या-उजव्या चाकांत ओढ वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीला), तेथून दोन बाजूंच्या एक्सल शाफ्टना आणि शेवटी चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबमधून चाकाला मिळते. या पिकअपमध्ये हब व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतली हवा ओढून घेतल्यावर येणाऱ्या ओढीवर चालतात. इंजिनावरच्या पंपाने तयार केलेला व्हॅक्यूम सोलेनॉइडमधून (विजेवर उघडणाऱ्या-बंद होणाऱ्या झडपेतून) रबरी नळ्यांनी दोन्ही चाकांपर्यंत जातो, हबमधला डायफ्राम (लवचीक पडदा) ओढला जातो आणि एक्सल शाफ्ट व चाक एकमेकांत अडकतात. यात एक बाब फार महत्त्वाची आहे. डिफरन्शिअल साधे असल्याने दोहोंपैकी एकच हब अडकला नाही, तर सगळी ओढ त्या मोकळ्या शाफ्टला फिरवण्यात वाया जाते आणि चांगल्या बाजूचे चाकही ओढत नाही. म्हणून पुढची दोन्ही चाके थांबलेली दिसली, तरी दोष एकाच चाकात असू शकतो.

शेतावर कोरड्या सपाट जागी आम्ही प्राथमिक तपासणी केली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद करून फोर-व्हीलचा दांडा टाकला आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. तो हलला नाही, म्हणजे ट्रान्सफर केस आपले काम करत होती. दांडा टू-व्हीलवर घेतल्यावर तोच शाफ्ट मोकळा फिरला. यासाठी कोणतेही अवजार लागत नाही, आणि ट्रान्सफर केस उघडण्याचा खर्च कोणी सुचवला तर होकार देण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. इंजिन चालू असताना किंवा गाडी हलत असताना मात्र गाडीखाली जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी टू-व्हीलवरच बीडला गेलो. तेथील गॅरेजातल्या वयस्क मिस्त्री चाचांनी बॉनेट उघडण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेकचे पॅडल दाबून पाहायला सांगितले. "ब्रेक कडक लागत नाही ना भाऊ? मग पंप चांगला आहे, गळती पुढे कुठेतरी आहे," असे ते म्हणाले. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरला (पॅडल हलके करणाऱ्या भागाला) आणि हबला एकाच पंपाचा व्हॅक्यूम जातो, त्यामुळे ब्रेकवरून पंपाचा अंदाज बांधता येतो. ब्रेक कडक लागत असेल, तर फोर-व्हीलचा विचार बाजूला ठेवून आधी ब्रेकची दुरुस्ती करावी.

पुढे त्यांनी गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू आणि दांडा फोर-व्हीलवर ठेवून पुढचे एकेक चाक स्टँडवर उचलले. उजवे चाक हाताने फिरवल्यावर आतला एक्सल शाफ्टही त्याच्याबरोबर फिरला. डावे चाक फिरले, पण शाफ्ट जागेवरच राहिला. दोष सापडला तो असा. नंतर डाव्या नळीला हातपंप आणि गेज लावून व्हॅक्यूम दिला, तेव्हा काटा चढताच खाली आला. उजव्या बाजूला तो स्थिर राहिला. डावी नळी चाकाच्या आतल्या बाजूला एका पट्टीवर घासून झिजली होती आणि टोकाशी उष्णतेने कडक होऊन तडकली होती. मराठवाड्यातला उन्हाळा आणि इंजिनाची धग मिळून रबराचे हेच करतात, म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या दिसायला बऱ्या असल्या तरी वाकवून पाहिल्या पाहिजेत. नळी बदलल्यावरही काटा हळूहळू उतरतच होता. हब उघडला, तेव्हा ओ-रिंग (हवा-पाणी अडवणारी रबरी कडी) चपटी झालेली आणि तिच्या बाजूने आत शिरलेली बारीक माती ग्रीसमध्ये मिसळून घट्ट झालेली दिसली. व्हॅक्यूम जेथे गळतो तेथून तो चिखलपाणीही आत ओढतो, त्यामुळे छोटी गळती दुर्लक्षित राहिली की हबही खराब होतो.

हब डिझेलने धुऊन, कोरडा करून नवी ओ-रिंग बसवली. येथे ग्रीस पातळ थरात लावावे. हब ग्रीसने भरला, तर आतली सरकणारी कडी अडखळते. नळी जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीचीच घ्यावी, कारण पातळ नळी आतून चिकटून बंद होऊ शकते. सोलेनॉइडपर्यंत वीज येत होती, परंतु अर्थिंगच्या टोकाला गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून काढला. सुट्या भागांचा खर्च इतका कमी आला की ट्रान्सफर केस उघडून बसलो असतो तर काय झाले असते, हा विचार परतीच्या वाटेवर मनातून जात नव्हता.

या भागात जुनी फोर-व्हील गाडी घेऊन जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मृगाच्या आधीच हब, नळ्या आणि दांडा तपासून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा तरी मुरुमाच्या रस्त्यावर थोडे अंतर फोर-व्हीलमध्ये चालवावे, म्हणजे न वापरलेले भाग चिकटून बसत नाहीत. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर मात्र अशा गाडीत फोर-व्हील टाकू नये. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शिअल नसल्याने तो ताण शाफ्ट व गिअरवर साठतो आणि दांडा निघेनासा होतो. तसा अडकला, तर जोर न लावता गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्यावी, तो सहसा सुटतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत, कारण त्यांच्यातला फरकही हाच ताण निर्माण करतो. ट्रान्सफर केसमध्ये कोणते ऑइल घालायचे ते गाडीच्या पुस्तिकेतच पाहावे. काहींना गिअर ऑइल लागते, तर काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑइल.

वाटेत नळी फुटली आणि चिखल पुढे असेल, तर तुटका भाग कापून नळी पुन्हा जोडता येते. सोलेनॉइड बंद पडले असेल, तर पंपाकडून येणारी नळी थेट हबच्या नळीला जोडून हब अडकवून ठेवता येतात. मात्र त्यानंतर ब्रेक दाबून पाहावा, आणि पॅडल जराही कडक वाटले तर ती जोडणी लगेच काढून पंपाकडच्या नळीचे तोंड बंद करावे. म्हणून हातभर व्हॅक्यूम नळी, क्लिपा, एक टी-जॉइंट, फ्यूज आणि टेस्ट लॅम्प गाडीत असू द्यावा.

वाटेबद्दल थोडे. डिझेल बीड किंवा मांजरसुंब्यालाच भरून घ्यावे. वेळ असेल तर मांजरसुंब्याजवळील कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा पाहता येतो, आणि पाटोद्याहून जामखेडच्या दिशेने सौताड्याचा धबधबा आहे. दोन्हीकडे जायला साधी गाडी पुरते. नायगाव मयूर अभयारण्य याच तालुक्यात असून ते १९९४ पासूनचे आहे. तेथे फोर-व्हील असली तरी रस्ता सोडून गाडी घालू नये.

दुरुस्तीनंतर त्याच खोलगट वळणावर पुन्हा गेलो, तेव्हा ऊन पडून गेले होते, पण रेगडी अजून ओलीच होती. दांडा टाकल्यावर मी खाली उतरून बाजूला उभा राहिलो आणि भावाने गाडी अगदी सावकाश, स्टीअरिंग सरळ ठेवून पुढे घेतली. काही फूट गेल्यावर दोन्ही हब अडकले आणि पुढची चाके चिखल मागे टाकत ओढू लागली. रोपे दुपारपर्यंत वावरात उतरली. संध्याकाळी विहिरीच्या मोटारीच्या पाण्याने पुढच्या चाकांची आतली बाजू धुऊन घेतली, कारण रेगडी एकदा वाळली की नळीभोवती कडक बसते आणि चाक वळताना नळी ताणून तोडते.